लाल टोपीच्या मुलीला कुणी वाचवले?

लाल टोपी घातलेली एक मुलगी आजीसाठी खाऊ घेऊन निघते. वाटेत लांडगा भेटतो, गोड बोलून तिच्याकडून आजीचा पत्ता काढून घेतो आणि तिच्याआधी जाऊन आजीला गिळतो. इथपर्यंतची गोष्ट अनेक देशांतल्या मुलांना तोंडपाठ आहे. पुढे काय होते, ते मात्र गोष्ट कुणी आणि केव्हा सांगितली यावर ठरते. 1697 साली पॅरिसमध्ये छापलेल्या गोष्टीत लांडगा मुलीलाही खातो आणि गोष्ट तिथेच संपते. 1812 साली बर्लिनमध्ये छापलेल्या गोष्टीत एक शिकारी येतो, झोपलेल्या लांडग्याचे पोट कात्रीने कापतो आणि दोघींना जिवंत बाहेर काढतो. फ्रान्सच्या निएव्र भागात 1885 च्या सुमारास खेडुतांच्या तोंडून टिपून घेतलेल्या गोष्टीत मात्र ना टोपी आहे, ना शिकारी. तिथे मुलगी स्वतःच्या अकलेने निसटते.

या तीन शेवटांभोवती दीडशे वर्षे समीक्षकांची वर्दळ आहे. पुराणकथांचे अभ्यासक, मनोविश्लेषक, संरचनावादी, मार्क्सवादी, स्त्रीवादी, वसाहतवादाचे टीकाकार असे सगळे या जंगलातून जाऊन आले. साहित्याला सिद्धान्त लावून पाहण्याची रीत कशी घडली, कुठे फसली आणि कुठे तिने खरोखर नवे काही दाखवले, याचा इतिहास या एका गोष्टीच्या आधाराने सांगता येतो. ती जिथे फसली तिथे बहुतेक वेळा कारण एकच होते: आपल्या हातात गोष्टीचे नेमके कोणते रूप आहे आणि ते कुणाच्या तोंडून आले आहे, हे कुणी विचारले नव्हते.

सुरुवात शार्ल पेरोपासून. हा चौदाव्या लुईच्या राजवटीतला बडा अधिकारी आणि फ्रेंच अकादमीचा सदस्य. त्याच्या 1697 च्या पुस्तकात आठ गोष्टी होत्या. सिंड्रेला, झोपलेली राजकन्या, निळ्या दाढीचा नवरा या सगळ्या त्यातल्याच. पुस्तकाच्या आरंभीच्या चित्रात सूत काढत मुलांना गोष्टी सांगणारी एक म्हातारी आहे. अर्पणपत्रिकेखाली सही आहे ती पेरोच्या मुलाची. म्हातारी कोण, कुठली, हे पुस्तक सांगत नाही. त्याच काळात पॅरिसच्या बैठकींत मादाम द'ओल्न्वा आणि तिच्यासारख्या लेखिका परीकथा रचून वाचून दाखवत होत्या आणि छापतही होत्या. पेरोची गोष्ट अशा खानदानी श्रोत्यांसाठी होती. म्हणूनच शेवटी त्याने पद्यात तात्पर्य जोडले: देखण्या, चांगल्या घरच्या मुलींनी कुणाचेही बोलणे ऐकू नये, कारण गोडबोले, सभ्य दिसणारे लांडगे सगळ्यांत घातक असतात. दोष मुलीच्या भोळेपणाचा ठरला आणि शिक्षाही तिलाच झाली.

ग्रिम बंधूंपर्यंत ही गोष्ट जर्मन शेतकऱ्यांच्या चुलीपासून पोचली, अशी समजूत फार काळ होती. खरी वाट वेगळी आहे. याकोब आणि विल्हेल्म यांना ती कासल शहरातल्या हासेनप्फ्लुग कुटुंबातल्या येनेट आणि मारी या तरुण बहिणींनी सांगितली. या सुशिक्षित घराचे आईकडून नाते फ्रान्समधून धर्मछळामुळे बाहेर पडलेल्या ह्युगेनो प्रॉटेस्टंटांशी होते. म्हणजे पेरोची गोष्टच फ्रेंच परंपरा जपणाऱ्या घरातून जर्मन भाषेत उतरलेली असण्याचा संभव मोठा. शेवट मात्र बदललेला होता. पोट फाडणे आणि त्यात दगड भरणे हे ग्रिमांच्याच संग्रहातल्या लांडगा आणि सात करडांच्या गोष्टीतही आहे. लुडविग टीकच्या 1800 च्या नाटकात शिकारीही येऊन गेला होता. ‘वाट सोडू नकोस’ ही आईची ताकीदही पेरोकडे नव्हती, ती ग्रिमांकडे आली.

ग्रिमांच्या गोष्टीला एक दुसरा शेवटही आहे. पुढे कधीतरी मुलीला पुन्हा एक लांडगा भेटतो. आता ती थांबत नाही, सरळ आजीकडे जाऊन कडी लावते. लांडगा छपरावर दबा धरून बसतो. आजी नातीला सॉसेज उकळलेले पाणी दारापुढच्या दगडी कुंडीत ओतायला सांगते. वासाने लांडग्याची मान लांबते, तो घसरतो आणि कुंडीत बुडून मरतो. दोन बायकांनी लांडग्याचा निकाल लावल्याचा हा भाग पुस्तकात छापलेला असूनही पुढच्या चित्रपुस्तकांनी आणि नाटकांनी बहुधा गाळला. शिकारी तेवढा उरला.

ग्रिमांनी 1812 पासून 1857 पर्यंत संग्रहाच्या सात आवृत्त्या काढल्या आणि दर वेळी गोष्टींवर हात फिरवला. हिमगौरीचा जीव घेऊ पाहणारी राणी पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई होती, 1819 साली ती सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या आईलाही पुढे सावत्र करण्यात आले. आईच्या प्रतिमेला धक्का लागू नये, घराघरांत पुस्तक निर्धास्त वाचता यावे, हा त्यामागचा विचार. गोष्टींवर सिद्धान्त चालवणाऱ्याला हा तपशील ठाऊक नसेल, तर तो विल्हेल्म ग्रिमची कात्री लोकमानस समजून वाचत बसतो.

एकोणिसाव्या शतकात नेमके तसेच झाले. भाषाशास्त्रज्ञ माक्स म्युलरच्या प्रभावाखाली पुराणकथांचा उलगडा सूर्य, पहाट आणि रात्र यांच्या रूपकांनी करण्याची लाट आली. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलरने 1871 साली लाल टोपीच्या मुलीची गणना रात्रीने सूर्य गिळण्याच्या कथांमध्ये केली. लाल टोपी म्हणजे मावळतीचा सूर्य, पोटातून सुटका म्हणजे सूर्योदय. पण सुटका ही तर ग्रिमांच्या गोष्टीतली; पेरोच्या गोष्टीत सूर्य मावळतो तो पुन्हा उगवतच नाही.

विसाव्या शतकात सूर्याची जागा मनाने घेतली. मनोविश्लेषक एरिक फ्रॉमने 1951 साली लाल टोपीत ऋतुप्राप्ती पाहिली, फुटू नये म्हणून जपायच्या बाटलीत कौमार्य पाहिले आणि लांडग्याच्या पोटातल्या दगडांत वांझपण. ब्रूनो बेटेलहाइमचे परीकथांवरचे पुस्तक 1976 साली आले आणि पालक-शिक्षकांमध्ये विलक्षण गाजले. परीकथा मुलांना त्यांच्याच मनातल्या भीती आणि वासना ओळखायला आणि त्यांवर मात करायला शिकवते, हे त्याचे म्हणणे. मुलांना भयकथांपासून दूर ठेवू पाहणाऱ्या काळात त्याने परीकथांची बाजू धीटपणे घेतली, हे श्रेय त्याचे आहे. पण त्याचाही आधार मुख्यतः ग्रिमांच्या गोष्टीवर होता.

आता ती निएव्रची गोष्ट ऐकायला हवी. आशिल मिलियाँ या संग्राहकाने ती लुई आणि फ्रांस्वा ब्रिफो या सांगणाऱ्यांकडून टिपली आणि 1951 साली लोककथांचे अभ्यासक पॉल दलारू यांनी ती प्रकाशात आणली. मुलगी आजीसाठी गरम पाव आणि दुधाची बाटली घेऊन निघते. दोन वाटा फुटतात तिथे तिला लांडगा-माणूस भेटतो आणि विचारतो, सुयांच्या वाटेने जाणार की टाचण्यांच्या? ती सुयांची वाट धरते. तो दुसऱ्या वाटेने पुढे जाऊन आजीला मारतो, तिचे मांस फडताळात आणि रक्त बाटलीत ठेवतो. मुलगी पोचल्यावर तिला तेच खायला-प्यायला देतो. घरातली मांजर तिला दूषण देते. मग तो तिला एकेक कपडा काढून आगीत टाकायला सांगतो, कारण आता तिला त्यांची गरज उरणार नाही. अंथरुणात शिरल्यावर तिला धोका कळतो. ती म्हणते, मला परसाकडे जायचे आहे. तो म्हणतो, इथेच कर. ती हट्ट सोडत नाही. शेवटी तो तिच्या पायाला लोकरीचा दोर बांधून तिला बाहेर सोडतो. ती दोराचे टोक अंगणातल्या आलुबुखाराच्या झाडाला बांधते आणि पळत सुटते. लांडग्याच्या लक्षात येईपर्यंत ती घरात शिरलेली असते.

या गोष्टीचा सर्वांत सुंदर उलगडा इव्हॉन व्हेर्दिए या फ्रेंच अभ्यासिकेने 1978 साली केला. तिने बर्गंडीतल्या मिनो या गावात बायकांच्या कामांचा, शिवणकामाचा, धुण्याचा, स्वयंपाकाचा अभ्यास केला होता. खेड्यातल्या मुली वयात येताना एखादा हिवाळा शिवणारणीकडे काढत. टाचण्या आणि सुया यांना त्या आयुष्यात नटण्याचे, प्रणयाचे आणि बाईपणाचे अर्थ होते. त्यामुळे सुयांची आणि टाचण्यांची वाट ही बाष्कळ बडबड उरत नाही. मुलगी मोठी होते आणि आजीची जागा घेते, हे या गोष्टीत अगदी उघड, अंगावर काटा आणणाऱ्या रीतीने सांगितले आहे. व्हेर्दिएने बाहेरून आणलेली किल्ली वापरली नाही. ज्या जगात गोष्ट सांगितली जात होती, त्या जगातल्या वस्तूंचे अर्थ तिने शोधले. सिद्धान्त आणि क्षेत्रअभ्यास यांची अशी सांगड त्या काळात फार थोड्यांनी घातली.

अमेरिकी इतिहासकार रॉबर्ट डार्नटन यांनी 1984 साली याच खेडूत रूपांच्या आधारे फ्रॉमची झडती घेतली. फ्रॉमने ज्यांचा अर्थ लावला ती लाल टोपी, न फोडायची बाटली, वाट न सोडण्याची ताकीद, पोटातले दगड, यांतले काहीच खेडुतांच्या गोष्टीत नव्हते. डार्नटन यांच्या मते अठराव्या शतकातल्या फ्रेंच शेतकऱ्याला प्रतीकांची गरज नव्हती. उपासमार, सावत्रपण आणि रानातले भय त्याच्या रोजच्या जगण्यात होते. नोंदलेल्या 35 रूपांपैकी निम्म्याहून अधिक रूपांत लांडगा मुलीला खातो, हेही ते सांगतात. म्हणजे खेड्यात मुलगी नेहमीच सुटत असे असे नाही. पण सुटली तर स्वतःच्या बळावर सुटत असे.

डार्नटन यांच्या मांडणीलाही प्रश्न विचारले गेले. खेडूत रूपे टिपली गेली एकोणिसाव्या शतकात, पेरोचे पुस्तक दोनशे वर्षे लोकांमध्ये फिरल्यावर. ती पेरोपेक्षा जुनी आहेत हे कशावरून? रूथ बॉटिगहायमर यांनी तर परीकथांचा उगमच छापील पुस्तकांत शोधावा असे आग्रहाने मांडले. दुसरीकडे यान झिओल्कोव्स्की यांनी लीएजच्या एग्बर्ट या अकराव्या शतकातल्या धर्मशिक्षकाच्या लॅटिन पद्याकडे लक्ष वेधले. त्यात लाल लोकरी अंगरखा घातलेल्या लहान मुलीला लांडगा उचलून नेतो आणि त्याची पिल्ले तिला इजा न करता चाटत बसतात. लाल कपडा आणि लांडगा यांची जोडी पेरोच्या जवळजवळ सातशे वर्षे आधी होती. जेमी तेहरानी यांनी 2013 साली जीवशास्त्रातल्या वंशवृक्षाच्या पद्धतीने जगभरची 58 रूपे ताडून पाहिली. वाद मिटलेला नाही. पण हा वाद पुराव्यांवर चालतो, यातच समीक्षेची प्रगती दिसते.

दरम्यान 1970 च्या दशकात अमेरिकेत स्त्रीवादी समीक्षकांनी परीकथांना वेगळाच प्रश्न विचारला होता. अ‍ॅलिसन लुरी यांनी 1970 साली लिहिले की परीकथांत धीट, हुशार स्त्रिया भरपूर आहेत. दोन वर्षांनी मार्शिया लीबरमन यांनी उत्तर दिले: संग्रहांत असतील, पण प्रत्यक्षात वाचल्या जाणाऱ्या आणि डिस्नीच्या पडद्यावर दिसणाऱ्या मोजक्या गोष्टींत मुलगी सुंदर असते, गप्प असते आणि वाट पाहते. वादाचा गाभा इथे आहे. कोणत्या गोष्टी निवडल्या जातात, हाही समीक्षेचा विषय झाला. सुझन ब्राउनमिलर यांनी 1975 साली लाल टोपीची गोष्ट बलात्काराची बोधकथा म्हणून वाचली: मुलींना भय शिकवायचे आणि रक्षणासाठी पुरुषाकडे पाहायला लावायचे.

1979 साली सँड्रा गिल्बर्ट आणि सुझन गुबार यांचा माळ्यावरच्या वेड्या स्त्रीविषयीचा मोठा ग्रंथ आला. हिमगौरीच्या गोष्टीतला राजा कुठेच दिसत नाही, पण आरशातून बोलणारा आवाज त्याचाच आहे, असे त्यांनी दाखवले. दोन स्त्रियांना एकमेकींच्या वैरी करणारा निवाडा त्या आवाजाचा. हाच चष्मा त्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांना लावला. शार्लट ब्रॉन्टेच्या ‘जेन एअर’मध्ये (1847) जेन थॉर्नफील्डच्या वरच्या मजल्याच्या बोळातून जाताना तिला निळदाढ्याच्या वाड्याची आठवण होते, आणि बंद खोलीत खरोखरच मालकाची पहिली बायको बर्था कोंडलेली असते. गिल्बर्ट-गुबार यांना बर्था ही जेनच्याच दडपलेल्या संतापाची सावली वाटली.

या वाचनात एक मोठी फट राहिली. बर्था जमैकाची. डॉमिनिका बेटावर जन्मलेल्या जीन ऱ्हीस यांनी 1966 सालीच ‘वाइड सारगॅसो सी’ या कादंबरीत तिला स्वतःचे बालपण, स्वतःचे नाव आणि स्वतःचा आवाज दिला होता. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी 1985 सालच्या निबंधात प्रश्न केला: जेनच्या मुक्तीसाठी वसाहतीतल्या एका स्त्रीने पशू व्हायचे आणि जळून मरायचे, हे स्त्रीवादी वाचनाने निमूट का स्वीकारावे? एका पेरोकथेची किल्ली इथे साम्राज्याच्या कुलपाला लागली. सिद्धान्ताने दुसऱ्या सिद्धान्ताची आंधळी जागा दाखवून देण्याचे याहून चांगले उदाहरण क्वचित सापडेल.

समीक्षकांच्या बरोबरीने कवी आणि कथाकारही हेच काम करत होते. अ‍ॅन सेक्स्टन यांच्या 1971 च्या संग्रहात ग्रिमांच्या गोष्टी अमेरिकी उपनगरांतल्या भाषेत, औषधांच्या गोळ्या आणि दूरदर्शन यांच्यासह पुन्हा सांगितल्या गेल्या. कॅरोल अ‍ॅन डफी यांच्या 1999 च्या संग्रहाची पहिलीच कविता लाल टोपीच्या मुलीची आहे. तिथे लांडगा कवी आहे आणि मुलगी त्याच्या पुस्तकांच्या ओढीने आपणहून जंगलात जाते, पुढे कुऱ्हाडही तीच चालवते. अँजेला कार्टर यांनी आधी पेरोचा इंग्रजी अनुवाद केला आणि दोन वर्षांनी, 1979 साली, ‘द ब्लडी चेंबर’ हा कथासंग्रह लिहिला. त्यांची मुलगी कपडे आगीत टाकते, पण घाबरून नव्हे. लांडग्याच्या धमकीवर ती मोकळी हसते. निएव्रच्या गोष्टीतली आग इथे पुन्हा पेटते. पॅट्रिशिया डंकर यांनी आक्षेप घेतला की जुन्या चौकटीत राहून कार्टर बाईची इच्छाही पुरुषी नजरेनेच रंगवतात. आक्षेपात तथ्य आहे, तरी कार्टर यांच्या कथा टिकल्या, कारण त्यांनी गोष्टीचा इतिहास आधी पचवला होता.

तो इतिहास सर्वांसमोर एकत्र मांडला जॅक झाइप्स यांनी. 1983 च्या त्यांच्या पुस्तकात या एका गोष्टीची अनेक शतकांतली रूपे ओळीने छापली आहेत. फ्रँकफुर्टच्या मार्क्सवादी परंपरेत घडलेल्या झाइप्स यांचा निष्कर्ष कठोर आहे: पेरो आणि ग्रिम या पुरुषांनी खेडूत मुलीची चतुराई काढून घेतली, तिला अपराधी ठरवले आणि मध्यमवर्गीय शिस्तीचा धडा बनवले. अभ्यासकांनी यातल्या तपशिलांवर वाद घातले, तरी सगळी रूपे शेजारी ठेवल्याने वाचकाला स्वतः पडताळून पाहता येऊ लागले, हे काम मोलाचे ठरले.

या सगळ्याचा मराठी मुलखाशी एक सरळ धागा जुळतो. 1865-66 च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर दक्षिण मराठा मुलखात दौऱ्यावर होते. त्यांची मुलगी मेरी हिने प्रवासात आपली आया अ‍ॅना लिबराटा डिसूझा हिच्याकडून गोष्टी ऐकून लिहून काढल्या आणि 1868 साली ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक लंडनमध्ये निघाले. ग्रिमांनी सांगणाऱ्या बहिणींची नावे गोष्टींखाली छापली नाहीत. मेरीने मात्र अ‍ॅनाचे आत्मकथनच पुस्तकाच्या आरंभी छापले. लिंगायत घराणे, गोव्याजवळ वस्ती, आजोबांनी स्वीकारलेला ख्रिस्ती धर्म, गोष्टी सांगणारी आजी, आणि नोकरीसाठी घराबाहेर पडलेली विधवा अ‍ॅना, हे सगळे तिच्याच तोंडून येते. मुखपृष्ठावर नाव फ्रिअरचे असले तरी या गोष्टी वाचणाऱ्याला त्या कुणाच्या तोंडून आल्या हे विसरता येत नाही. पुढे ए. के. रामानुजन यांनी कन्नड सिंड्रेला हांचीचा अभ्यास करताना आणि बायकांनी बायकांना सांगितलेल्या गोष्टींचे वेगळे तर्कशास्त्र उलगडताना हाच मुद्दा पुढे नेला: सांगणारी बदलली की गोष्टीचा अर्थ बदलतो.

मराठी घरांतही रान ओलांडून लेकीकडे जाणारी म्हातारी आहेच. वाघ आणि कोल्हा तिला खायला टपलेले असतात. ‘परत येताना लठ्ठ होऊन येते, मग खा’ असे सांगून ती जाते आणि येताना भोपळ्यात बसून त्यांना चकवते. ही लाल टोपीच्या गोष्टीची बहीण नव्हे, तिचे कूळ वेगळे आहे. पण इथेही सुटकेसाठी शिकारी येत नाही. मराठीत ग्रिम आणि पेरो यांची रूपांतरे भरपूर झाली, बालरंगभूमीवर हिमगौरी आणि सिंड्रेला नांदल्या. या म्हातारीवर मात्र त्या तोलाची सैद्धान्तिक चर्चा फारशी दिसत नाही.

दुर्गा भागवत आणि सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या संकलनाचा आणि अभ्यासाचा भक्कम पाया घालून दिला आहे. त्यावर पुढचे काम महाविद्यालयांतल्या मराठी विभागांना सहज करता येण्यासारखे आहे. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी जाऊन गोष्टी ध्वनिमुद्रित कराव्यात. प्रत्येक गोष्टीसोबत सांगणारीचे नाव, वय, गाव, तिने ती कुणाकडून ऐकली आणि कोणत्या वर्षी नोंदली हे लिहावे. आणि एकाच गोष्टीची सगळी रूपे, कोणतेही न सुधारता, शेजारी शेजारी छापावीत. फ्रॉमला काय मिळाले नव्हते आणि व्हेर्दिएला काय मिळाले, हे माहीत असलेल्या पिढीने हे काम आता लांबवू नये.